जमिनीतला धातू मशीन कसा ओळखतं? नाशिकमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मखमलाबादला आमच्या मळ्यात बांधाच्या कडेला दहा फुटांची एक पट्टी मी मुद्दाम मोकळी ठेवलीय. तिच्यात एक रुपयाचं नाणं, ॲल्युमिनियमचे जुने दहा पैसे, तांब्याचं कडं, बैलाची पत्री, चपटा वायसर, सोड्याच्या बाटलीचं बूच, खिळे असं बरंच काही वेगवेगळ्या खोलीवर पुरलंय आणि कुठे काय आहे ते वहीत लिहून ठेवलंय. कुणी मेटल डिटेक्टर घेऊन विचारायला आलं की आधी त्याला त्या पट्टीवरून मशीन फिरवायला लावतो, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेले फोनवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

मशीन नक्की करतं काय?

घरातली इंडक्शन शेगडी आठवा. शेगडीच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यातून सारखा उलटसुलट होणारा करंट जातो, वर पातेलं ठेवलं की पातेल्याच्या बुडात आपोआप करंट फिरायला लागतो आणि ते तापतं. डिटेक्टरमध्ये तत्त्व तेच, फक्त तापवायचं काम नाही. वरच्या कॉइलमुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते मातीतून खाली जातं, खाली धातू असला तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे करंट फिरतात, त्यांना एडी करंट म्हणतात, आणि हे करंट स्वतःचं एक बारीक क्षेत्र परत वर पाठवतात. दुसरी कॉइल ते पकडते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच, दहावीच्या विज्ञानात आपण सगळेच शिकलोय.

अडचण अशी की पाठवलेलं क्षेत्र प्रचंड आणि परत येणारं अगदी नगण्य. ढोलाच्या शेजारी उभं राहून मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकायची, असं काम आहे ते. म्हणून बऱ्याच मशीनमध्ये दोन कॉइल एकमेकींवर थोड्या चढवून अशा बसवतात की पाठवणाऱ्या कॉइलचा परिणाम घेणाऱ्या कॉइलमध्ये जवळपास शून्य व्हावा. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी असंच तोल साधणारं यंत्र घेऊन अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. ती सापडली नाही, आणि पलंगाच्या गादीतल्या स्टीलच्या तारांनीही गोंधळ घातला असं सांगतात. म्हणजे आजूबाजूचं लोखंड बाजूला करा हा धडा तेव्हापासूनचा आहे.

सोनं कुठलं आणि पितळ कुठलं हे मशीन सांगतं ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीनला धातूचं नाव कळत नाही. त्याला एवढंच कळतं की खालच्या वस्तूत करंट किती जोरात फिरला आणि विझायला त्याने किती वेळ घेतला. हा विझायचा वेळ दोन गोष्टींवर ठरतो, धातूतून वीज किती सहज वाहते आणि वस्तू केवढी आहे. गोल गोटीसाठी हा हिशोब सोपा आहे, वेळ वाढतो तो वाहकतेच्या पटीत आणि त्रिज्येच्या वर्गात. २ सेंमी व्यासाची तांब्याची भरीव गोटी घेतली तर तिच्यातला करंट साधारण ३७ टक्क्यांवर यायला सेकंदाच्या एक हजाराव्या भागापेक्षा थोडा कमी वेळ लागतो, ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास. आता तेवढाच वेळ घेणारी ॲल्युमिनियमची गोटी किती मोठी? साधारण २.५ सेंमी. सोन्याची? २.४ च्या आसपास. शिशाची? जवळजवळ ७ सेंमी. चारही गोट्या पुरल्या तर विझायच्या वेळावरून तुम्हाला कुठली कुठली ते सांगता येणार नाही, सिग्नल कमीजास्त येईल पण तो खोलीमुळेही कमीजास्त होतो.

स्क्रीनवर जो आकडा येतो ना, ४२ किंवा ७८ असला, तो याच वेळाची एक प्रकारची खूण आहे. बारीक सोन्याच्या अंगठीचा आकडा गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पत्र्याशी आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीशी जुळतो. त्यामुळे 'कचरा नको' म्हणून तो पट्टा बंद केला की अंगठीही बंद झाली. दुकानदार हे सांगत नाही.

पण अंगठी सापडते आणि चेन सापडत नाही, असं का?

छान प्रश्न आहे, अनुभव असलेला माणूसच हा विचारतो. करंटला गोल फिरायला अखंड वाट लागते. अंगठी म्हणजे तयार वाट, म्हणून ती छान बोलते. तीच अंगठी एका ठिकाणी तुटलेली असली की आवाज एकदम पडतो. चेनमध्ये प्रत्येक कडी वेगळी, कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या, त्यामुळे मशीनला अख्खी चेन दिसतच नाही, इवल्या इवल्या कड्या दिसतात. मंगळसूत्र हरवलं असेल तर काळ्या मण्यांचा सर विसरा, वाट्या शोधा. वाट्यांचाच काय तो सिग्नल मिळतो.

मग लोखंड तरी ओळखतं का?

हो, बऱ्यापैकी. लोखंड दोन कामं एकदम करतं, चुंबकासारखं क्षेत्र स्वतःकडे ओढतं आणि एडी करंटने ते ढकलतंसुद्धा. कमी फ्रिक्वेन्सीवर ओढणं जिंकतं, फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की ढकलणं जिंकायला लागतं. तांबं, चांदी, ॲल्युमिनियम फक्त ढकलतात. दोन-तीन फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारी मशीन हा फरक पकडतात. मात्र चपटं लोखंड फसवतं. वायसर, बाटलीचं बूच, पत्र्याचा तुकडा यांच्यात करंटला फिरायला मोठी गोल जागा मिळते आणि ते चांगल्या धातूसारखं बोलतात. माझ्या पट्टीतला वायसर आजवर जवळजवळ प्रत्येकाने 'चांदी' सांगितलाय. अशा वेळी मशीन नव्वद अंशात वळून दुसऱ्या बाजूने फिरवा, आवाज तुटक झाला तर बहुतेक लोखंडच.

किती खोलवरचं कळतं?

जाहिरातीत दहा फूट लिहितात. नेहमीच्या २५ सेंमीच्या कॉइलने नाणं वीतभर, म्हणजे २० सेंमीच्या आसपास, तेही चांगल्या मातीत. मोठा हंडा किंवा मॅनहोलचं झाकण असेल तर मीटरभर. त्यापुढे एकदम अवघड होतं, कारण जाणारं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं आणि परत येणारंसुद्धा घनानेच, दोन्ही मिळून सहावा घात. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू लांब गेली की खोली दुप्पट झाल्यावर सिग्नल ६४ पट बारीक होतो. बॅटरी दुप्पट केली तरी या ६४ ला काही होत नाही. मोठी कॉइल लावली तर खोल जाल पण लहान वस्तू तिला दिसणार नाही, दोन्ही एकदम मिळत नाही.

आमच्या काळ्या जमिनीत मशीन सारखंच ओरडतं. मशीन खराब आहे का?

मशीन बरं आहे, ती माती बोलतेय. आपलं नाशिक बसलंय बेसॉल्टवर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. त्या काळ्या कातळात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात आणि कातळ झिजून झालेल्या मातीतही ती येतात. परदेशी व्हिडिओत माणूस मशीन काढतो, चालू करतो, फिरवतो आणि नाणं काढतो, ते बघून इथे तसंच करायला गेलं की पदरी निराशा येते, कारण तिथली माती गप्प असते आणि आपली नसते.

मातीचा त्रास दोन प्रकारचा. एक म्हणजे माती थोडी चुंबकीय असल्यामुळे क्षेत्र ओढते, लोखंडासारखंच पण लगेच, काही उशीर न लावता. हे ग्राउंड बॅलन्सने, म्हणजे मातीचा आवाज वजा करायच्या मशीनवरच्या सेटिंगने, बरंचसं जातं. कॉइल जमिनीवर वरखाली करा, आवाज सारखा होईपर्यंत बॅलन्स फिरवा, आणि बागेतून उसात गेलात किंवा मुरमाचा पट्टा लागला की परत करा, एकदा सकाळी केलं म्हणजे दिवसभर झालं असं नसतं. दुसरा त्रास अवघड. मातीतले अगदी बारीक कण चुंबकत्व घेतात आणि सोडताना रेंगाळतात, आणि हे रेंगाळणं धातूतल्या करंटच्या विझण्यासारखंच दिसतं. फरक विझण्याच्या चालीत आहे. धातूचा सिग्नल शेवटी शेवटी झपकन संपतो, मातीचा रेटत रेटत बारीक होत राहतो. चांगली मशीन हा फरक मोजूनच मातीला वजा करतात.

साधी परीक्षा सांगतो. आवाज आला की कॉइल चार बोटं वर उचला. मातीचा किंवा उथळ दगडाचा आवाज लगेच मरतो, खोलवरच्या धातूचा हळूहळू कमी होतो. आणि भाजलेली माती लक्षात ठेवा. विटा, कौलांचे तुकडे, जुन्या भट्टीची किंवा चुलीची जागा, तापल्याने तिथली माती जास्त चुंबकीय झालेली असते, तिथे मशीन हमखास बोलतं आणि खाली काहीही नसतं. वीटभट्टीच्या जुन्या जागेवर घर बांधायला घेतलेले एक काका दोन दिवस खणत होते, त्यांना हे सांगायला मी उशिरा पोहोचलो याचं मला आजही वाईट वाटतं.

व्हीएलएफ घेऊ की पीआय?

व्हीएलएफ म्हणजे सतत एका किंवा अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं, नेहमीची मशीन ५ ते २० किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात, धातूंचा फरक यात जास्त कळतो. पीआय म्हणजे पल्सवालं, करंट सोडायचा, झटकन तोडायचा आणि मग शांततेत खालून काय विझत येतंय ते ऐकायचं. आपल्या मातीत पीआय जास्त शांत चालतं, थोडं खोलही जातं, पण लोखंड वगळायला ते कच्चं. शेतात हरवलेला दागिना शोधायचा असेल तर मी व्हीएलएफच सांगेन. मुरमाड, दगडी रानात मोठी वस्तू शोधायची असेल तर पीआय.

न खणता वस्तू नक्की काय आहे ते ओळखता येतं का? बॉम्ब शोधणारे कसं करतात?

येतं, काही प्रमाणात, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. लष्कराच्या गोळीबाराच्या जुन्या सराव रेंज मोकळ्या करताना खरी डोकेदुखी असते भंगाराची. न फुटलेला एक गोळा असेल तर त्याच्याभोवती फुटलेल्या गोळ्यांचे कितीतरी तुकडे, आणि प्रत्येक बीपवर बॉम्ब समजूनच हळूहळू खणावं लागतं. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की वस्तूवर एकाच बाजूने क्षेत्र टाकून भागणार नाही. वेगवेगळ्या जागी बसवलेल्या कॉइलमधून पाळीपाळीने वेगवेगळ्या दिशांनी क्षेत्र टाकायचं, अनेक रिसीव्हरने ऐकायचं, २५ मिलिसेकंदांपर्यंतचं विझणं नोंदवायचं आणि त्या सगळ्यातून वस्तूच्या तीन अक्षांचे तीन वेगळे आलेख काढायचे.

आता तोफगोळा लांबट आणि गोल असतो, लाटण्यासारखा. लांबीच्या अक्षाचा एक आलेख वेगळा येतो आणि आडवे दोन एकमेकांवर तंतोतंत बसतात. भंगाराचा तुकडा वेडावाकडा, त्याचे तिन्ही आलेख तीन दिशांना. शिवाय जाड पोलादात करंट उशिरापर्यंत टिकतो, पातळ पत्र्यात लगेच संपतो, म्हणजे भिंतीची जाडी आणि आकारमान यांचाही अंदाज येतो. वस्तू आडवी आहे की तिरकी, किती खोल, हे गणिताने वेगळं काढता येतं म्हणून ओळख खोलीवर अवलंबून राहत नाही. अमेरिकेत टेमटॅड्स आणि मेटलमॅपर अशी यंत्रं याच कामासाठी बनवली गेली. आपल्या हातातल्या मशीनला क्षेत्र पाठवणारी एकच कॉइल, एकच बाजू, म्हणून ती बिचारी एक आकडा सांगून थांबते. तिच्याकडून थोडं जास्त काढायचं असेल तर तीच जागा चारही बाजूंनी फिरून बघा.

देवळालीकडे रानात गोळ्याचे तुकडे मिळतात म्हणतात, मशीन घेऊन जाऊ का?

नका जाऊ. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, फायरिंग रेंज आहे, तिथे खऱ्या तोफा चालतात. रेंजवर शिरायला बंदी आहे ती तुमच्याच जिवासाठी. पितळ आणि तांब्याच्या भंगाराचे चार पैसे मिळतात म्हणून पोरं जातात, त्यांच्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे की थांबवा. न फुटलेला गोळा गंजला म्हणजे मेला असं नसतं, आतली दारू आणि फ्यूज वर्षानुवर्षं टिकतात. कुठेही, अगदी स्वतःच्या शेतात नांगरताना तसं काही दिसलं तर हात लावू नका, पाणी ओतू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, लोकांना लांब करा आणि ११२ ला फोन करा.

द्राक्षबागेत अंगठी पडली. मांडवाचे अँगल आणि तारा सगळीकडे. कशी शोधू?

हे मी स्वतः केलंय, पिंपळगाव बसवंतला एका ताईंची अंगठी छाटणीच्या वेळी पडली होती. आधी मशीन नाही, आधी आठवण. कुठल्या ओळीत, कुठल्या हाताने, हातमोजे कधी काढले, पाणी प्यायला कुठे बसलात. ताईंनी सांगितलं की हात धुताना मोजा ओढून काढला होता, तिथूनच सुरुवात केली. मग सगळ्यात लहान कॉइल लावली, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, कारण जास्त ठेवली तर मांडवाचे अँगलच ऐकू येतात. ओळीच्या दिशेने कॉइल फिरवायची, अँगलपासूनचं अंतर सारखं ठेवून, म्हणजे त्याचा आवाज एकसारखा राहतो आणि मधे काही वेगळं आलं की कळतं. वरची लोंबती तार आणि पायातला स्टीलची टोपी असलेला बूट हेही विसरू नका. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, बंद, प्रत्येक बारीक आवाज बघायचा. चार तासांनी ड्रिपच्या नळीखाली बोटभर मातीत सापडली. त्याआधी बांधायच्या तारेचे तुकडे किती निघाले ते मोजलेच नाहीत. एक गोष्ट मात्र पाळा, अंगठी सापडेपर्यंत त्या ओळीत रोटर फिरवू नका, फिरवला की ती वीतभर खाली जाते आणि काम दसपट वाढतं.

जुनी पाइपलाइन किंवा केबल कुठून गेलीय ते कळेल?

जीआय पाइप किंवा केबल असेल तर कळतं, पण त्यासाठी पाइप लोकेटर वेगळा येतो. त्याचा ट्रान्समीटर पाइपच्या उघड्या टोकाला जोडतात, ठराविक फ्रिक्वेन्सीचा करंट पाइपमधूनच सोडतात आणि वर चालत त्याचा माग काढतात. चालू विजेची केबल स्वतःच ५० हर्ट्झवर बोलत असते. पीव्हीसी पाइपमध्ये धातूच नाही, तिथे हे चालत नाही. रिंगरोडच्या कडेला खोदकाम करणाऱ्या जेसीबीवाल्यांना एवढंच सांगेन की अर्धा तास लोकेटर फिरवणं हे अख्ख्या कॉलनीचं पाणी तोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आमच्या वाड्यात गुप्तधन आहे असं एकजण सांगतो, त्याच्याकडे लांबून सोनं दाखवणारं मशीनही आहे.

वर ६४ पटीचा हिशोब वाचला ना? हातात दोन सळया धरून शंभर फुटांवरून सोनं दाखवणारं कुठलंही यंत्र या तत्त्वावर बनूच शकत नाही. आणि त्याला जोडून पूजा, बळी, अंगात येणं असलं काही निघालं तर तो गुन्हा ठरू शकतो, महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि गुप्तधनाच्या नावाखालचे अघोरी प्रकार त्यात स्पष्ट येतात. सरळ पोलिसांकडे जा.

खरंच काही सापडलं तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत लपवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. पांडवलेणीसारख्या संरक्षित जागांच्या आसपास तर मशीन बाहेरही काढू नका. लोकांना वाटतं हे सरकारी कटकटीचं आहे, मला तसं वाटत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने परत आपला शिक्का मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचं राज्य घेतलं याचा पुरावा तो अख्खा ढीग आहे. हीच नाणी दहा-दहा करून सराफाकडे वितळली असती तर आपल्याला काय कळलं असतं? अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचा संग्रह आहे, मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

मोबाइलच्या ॲपने होतं का? आणि पाणी सापडतं का?

मोबाइलमध्ये होकायंत्राचा सेन्सर असतो, तो फक्त चुंबक आणि लोखंड जवळ आलं की हलतो, सोनं-तांबं त्याला कळत नाही. पाण्याचं म्हणाल तर डिटेक्टर पाणी दाखवत नाही. बोअरची जागा ठरवायला जमिनीचा विद्युतरोध मोजणारी पद्धत वेगळी आहे, ते भूजल जाणणाऱ्या माणसाचं काम आहे, मशीनवाल्याचं नाही आणि हातावर नारळ धरणाऱ्याचंही नाही.

पेसमेकर असेल तर?

मशीन हाताळण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि कॉइल छातीजवळ धरू नका.

घरी बनवता येईल का?

नक्की बनवा, मुलांकडून तर करूनच घ्या. पीआयचं सर्किट सोपं आहे. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून एनामलची बारीक तार आणा, २० ते २५ सेंमी व्यासाचे २५-३० वेढे घट्ट गुंडाळा, टेपने आवळा, वेढे हलता कामा नयेत. कॉइलच्या फ्रेमला एकही लोखंडी स्क्रू नको. पहिल्यांदा नाणं हवेत धरून बीप आलं ना, की तो आनंद वेगळाच असतो, माझ्या पुतणीने आठवीत बनवलेलं अजून चालतंय.

खणताना काय काळजी घेऊ?

जमीनमालकाला विचारल्याशिवाय एक ढेकूळही उचलू नका. पहार, टिकाव नको, खुरपी पुरते. आवाजाच्या बरोबर मध्यावर न मारता बाजूने माती सोडवा, काढलेली माती गोणपाटावर टाका, ती परत कॉइलखालून फिरवा, वस्तू अनेकदा मातीच्या ढिगातच असते. खड्डा बुजवून पायाने दाबा, गुराचा पाय अडकतो. निघालेले खिळे, तारा, बुचं परत टाकू नका, एका डब्यात जमवा आणि घरी आल्यावर एकेक मातीत वेगवेगळ्या कोनात ठेवून मशीन फिरवा. उभा खिळा कसा बोलतो आणि आडवा कसा, हे एकदा कानात बसलं की पुढच्या वेळी अर्धे खड्डे खणावेच लागत नाहीत.